एकसष्ट नाताळ-प्लेट्स आणि एक यादी : जर्मन पोर्सेलिनचा संग्रह आवरतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

जर्मनीत एर्लांगेनला आम्ही ज्या घरात भाड्याने राहत होतो, त्याच्या तळमजल्यावर घरमालकीणबाई एकट्या राहायच्या. वय चौऱ्याऐंशी. आमची मुलगी त्यांना पहिल्या वर्षापासून 'ओमा' म्हणते, म्हणजे आजी. त्यामुळे इथेही त्यांना ओमाच म्हणते. बाकी नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

ओमांचा जन्म बव्हेरियाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या झेल्बजवळच्या खेड्यातला. झेल्ब म्हणजे पोर्सेलिनचं गाव. फिलिप रोझेनताल यांनी १८७९ मध्ये शेजारच्या एर्केर्सरॉयट इथे सुरुवात केली ती आणलेल्या पांढऱ्या भांड्यांवर रंगकाम करून. हुटशेनरॉयटर घराणं तर त्याआधीच, १८१४ पासून, जवळच्या होहेनबेर्गमध्ये या धंद्यात होतं. ओमांची आई झेल्बमधल्या एका कारखान्यात रंगकाम करायची. नगावर मजुरी. फुलाची पाकळी एका फटकाऱ्यात उतरली नाही तर ती पुसून परत काढण्यात गेलेला वेळ आपल्या खिशातून.

ओमांनी स्वतः जमवायला सुरुवात केली १९५९ मध्ये, साखरपुड्याच्या वर्षी. दर नाताळला रोझेनतालची त्या वर्षाची प्लेट, वाढदिवसाला एखादी बाहुली. मागची वर्षं नंतर शोधून शोधून भरली. रोझेनतालची ही पारंपरिक मालिका १९१० ते १९७४ अशी पासष्ट वर्षांची. त्यातली एकसष्ट वर्षं ओमांच्या जेवणघराच्या भिंतीवर होती. शिवाय नऊ डॅनिश प्लेट्स, एकेचाळीस हुमेल मुलं आणि सात इतर पुतळ्या. एकूण ११८ नग.

आपल्याकडे वाचणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगायला हव्यात. नाताळला वर्ष घातलेली प्लेट काढायची प्रथा मूळची डेन्मार्कची. बिंग अँड ग्रोन्दालने १८९५ मध्ये पहिली काढली. त्यामुळे जर्मन घरांत डॅनिश प्लेट्स जोडीला लटकलेल्या असतात आणि बघणारा सगळ्यांना जर्मनच समजतो. दुसरी गोष्ट हुमेलची. गोबऱ्या गालांची ही मुलं मुळात बेर्टा हुमेल या चित्रकार जोगिणीची रेखाटनं. झीसेनच्या मठात तिचं नाव मारिया इनोसेन्शिया झालं. कोबुर्गजवळच्या ग्योबेल कारखान्याने १९३५ पासून तिच्या चित्रांवरून मूर्ती काढल्या. ती १९४६ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी क्षयाने गेली. युद्धानंतर जर्मनीत असलेल्या अमेरिकन सैनिकांनी या मूर्ती घरी पाठवल्या आणि अमेरिकेत त्यांचं वेड पसरलं. सगळे त्यांना पोर्सेलिन म्हणतात, पण त्या आहेत कमी तापमानाला भाजलेल्या बारीक मातीच्या. म्हणून त्यांच्या ग्लेझवर, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपावर, कालांतराने कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा येतात. पक्क्या पोर्सेलिनवर त्या सहसा दिसत नाहीत.

अडचण

नोव्हेंबरमध्ये ओमा जिन्यावरून पडल्या, कंबरेचं हाड मोडलं. इस्पितळातूनच ठरलं की आता एकटं राहणं नाही. वृद्धनिवासात एक खोली मिळाली, जानेवारीअखेर ताबा. पलंग, कपाट, टेबल ठेवल्यावर एक भिंत उरत होती, तीही अर्धी खिडकीची.

त्यांना मूल नाही. हॅम्बुर्गला एक भाची आहे, तिच्याकडे कागदोपत्री अधिकारपत्र होतं. पण ओमांचं डोकं लख्ख होतं, त्यामुळे ते वापरायची वेळच आलेली नव्हती. हा मुद्दा पुढे फार कामाला आला. वस्तू ओमांच्या, निर्णय ओमांचा. भाची आणि मी मदतनीस.

भाचीची समजूत अशी की हा संग्रह म्हणजे मोठी ठेव आहे. ओमांकडे ऐंशीच्या दशकातलं एक अमेरिकन किंमत-पुस्तक होतं. त्यात बघून काकांनी, म्हणजे ओमांच्या यजमानांनी, पेन्सिलीने बेरीज केली होती, नऊ हजार डॉलरच्या वर. घर रिकामं करून देणाऱ्या एका माणसाला भाचीने बोलावलं. तो दारात उभा राहूनच म्हणाला, "हुमेल आता कुणी घेत नाही. फुकट नेतो, कपाटांचे तेवढे पैसे द्या." या दोन आकड्यांच्या मध्ये खरं काय ते कुणालाच माहीत नव्हतं. हातात सहा आठवडे होते, त्यात नाताळ.

आणि ओमा? इस्पितळाच्या खाटेवरून त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला सोयीचं होईल तसं करा." आम्ही ते शब्दशः घेतलं. तिथे चुकलो.

पर्याय

घर रिकामं करणाऱ्याला सगळं देऊन टाकणं हा सगळ्यात सोपा मार्ग होता. एका दिवसात काम. पण त्याच्या टेंपोत प्लेट्स केळ्यांच्या खोक्यात कशा भरल्या जातात ते मी एकदा शेजारी पाहिलं होतं. त्यावर फार वेळ घालवला नाही.

लिलावघराकडे जाणं भाचीला पटत होतं. न्युर्नबेर्गच्या बाजूच्या एका लिलावघराने फोटो मागवले आणि स्पष्ट सांगितलं की हुमेल ते घेत नाहीत, प्लेट्समध्ये फक्त तळाला कारखान्याचा १९५७ च्या आधीचा शिक्का असलेल्या बघतील. विक्रीच्या रकमेतून कमिशन, फोटोंचा आणि विम्याचा खर्च वजा. पैसे तीन-चार महिन्यांनी. पण निदान कुणीतरी जाणकार हात लावणार होता.

एकेक नग ऑनलाइन जाहिरातीत विकण्याचा हिशेब मी मांडून पाहिला. फोटो, विचारपूस, भावाची घासाघीस, बांधणी, टपाल. एका प्लेटमागे दीड तास धरला तरी सत्तर प्लेट्सचे शंभराच्या वर तास. नोकरी सांभाळून सहा आठवड्यांत ते होण्यासारखं नव्हतं.

संग्रहालयाला देण्याची कल्पना माझी. झेल्ब आणि होहेनबेर्गला पोर्सेलिनचं सरकारी संग्रहालय आहे, तिथल्या भट्ट्या आणि रंगकामाची टेबलं मी मुलीला दाखवून आणली होती. पण हजारोंनी निघालेली प्लेट संग्रहालयाकडे असतेच. अशा ठिकाणी वस्तूबरोबर येणारी माहिती लागते, आणि ती आमच्याकडे तेव्हा नव्हती.

पाचवा पर्याय ओमांनीच काढला : सगळं तू घे. हा मला सर्वांत अवघड गेला. त्यात प्रेम होतं, आणि नाही म्हटलं तर ते दुखावणार होतं. पण मी भाडेकरू. आजारी, एकट्या घरमालकिणीकडून सगळा संग्रह घेणारी परकी बाई भाचीला कशी दिसेल, याचा विचार करायलाच हवा होता. कराचा प्रश्न नव्हता. नातं नसलेल्या माणसाकडून मिळालेल्या भेटीवर दहा वर्षांत वीस हजार युरोपर्यंत जर्मनीत कर लागत नाही. प्रश्न विश्वासाचा होता.

काय केलं

पहिल्या रविवारी भाची हॅम्बुर्गहून आली. जेवणाच्या टेबलावर जाड टॉवेल अंथरला आणि एकेक नग उलटा करून बघायला सुरुवात केली. भिंग, मोजपट्टी, अतिनील प्रकाशाचा छोटा टॉर्च. या टॉर्चचा उपयोग मोठा. दुरुस्त करून वरून रंगवलेला भाग अंधारात वेगळा चमकतो. हुमेलांपैकी तिघांची मान आणि एकाची टोपी अशी चिकटवलेली निघाली. दिवसाउजेडी कुणाला कळलं नसतं.

पोर्सेलिनची कुंडली तळाला असते. हुमेलच्या तळाशी मुकुटाचा शिक्का असेल तर तो नग १९४९ पर्यंतचा. १९५० पासून व्ही अक्षरात मधमाशी आली आणि पुढे ती माशी लहान होत, बदलत गेली. ओमांची बहुतेक मुलं साठ-सत्तरच्या दशकातली होती, म्हणजे ज्या काळात कारखान्याने ती भरमसाठ काढली त्या काळातली. किंमत-पुस्तकातले आकडे पडायचं मोठं कारण तेच. ज्यांनी हौसेने जमवली ती पिढी आता घरं आवरते आहे, आणि एकाच वेळी सगळ्यांच्या कपाटांतून तीच मुलं बाहेर येत आहेत.

सात पुतळ्यांत एक माळ्याचा पोरगा होता, ग्लेझखाली निळ्या दोन तलवारी, म्हणजे माइसेन. १७१० मध्ये युरोपात पक्कं पोर्सेलिन बनवणारा पहिला कारखाना. भाचीचा चेहरा उजळला. पण भिंगातून तलवारींवर आडवे चरे दिसले. दुय्यम प्रतीचा नग कारखाना तसे चरे ओढून वेगळा काढतो. अस्सल होता, पहिल्या प्रतीचा नव्हता.

सगळ्यात नाजूक होती थुरिंगियातली फोल्कश्टेटची नाचणारी बाई. तिचा झगा जाळीच्या लेसचा. खरी सुती लेस पातळ पोर्सेलिनच्या घोळात बुडवून पुतळीवर बसवतात. भट्टीत सूत जळून जातं आणि धाग्याच्या जागी पोर्सेलिनची जाळी उरते. ती इतकी ठिसूळ की कुंचल्याने धूळ झटकतानाही मोडते. ओमा ती कधीच झटकत नसत, दुरून फुंकर घालत. झग्याच्या मागच्या घडीत तरीही चार ठिकाणी जाळी तुटलेली होती आणि तुटलेला प्रत्येक कण पुतळीच्या तळाशी कागदाच्या पुडीत जपून ठेवलेला होता.

मग प्लेट्स. १९१६ ची 'युद्धातला नाताळ', १९१७ ची 'शांतिदूत', १९१८ ची 'पृथ्वीवर शांती' या तिघी शेजारी शेजारी लटकत होत्या. भाची त्यांना आजीच्या काळच्या म्हणायची. मी उलटून पाहिल्या तर १९१६ आणि १९१८ वर शिक्का नंतरच्या काळातला, आणि तळाच्या कडेला टांगायची भोकंही नाहीत. १९१७ ला होती. अख्खी संध्याकाळ आम्ही जुने शिक्के ताडून पाहत बसलो. रोझेनतालने १९६९ ते १९७१ मध्ये मागच्या वर्षांच्या काही प्लेट्स थोड्या संख्येने पुन्हा काढल्या होत्या. त्यांच्यावर १९५७ नंतरचा शिक्का असतो. १९५८ पर्यंतच्या पंचेचाळीस प्लेट्समध्ये अशा सव्वीस निघाल्या.

ओमांना हे कसं सांगायचं, यावर भाची आणि मी दोन दिवस फोनवर बोललो. शेवटी मी इस्पितळात गेले आणि आडवळणाने विषय काढला. ओमांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. "अगं, मला माहीत आहे ना. १९७० मध्ये मीच घेतल्या त्या, दुकानातून, कोऱ्या. जुन्या परवडत कुठे होत्या? तुम्ही मला विचारलं का नाही?"

निर्णयाचे क्षण

पण त्या प्रश्नाआधीच एक निर्णय घेऊन झाला होता. दुसऱ्या आठवड्यात हुमेलांना गिऱ्हाईक मिळालं, शेजारच्या फ्युर्थमधला जुन्या बाजारात गाळा लावणारा. भाचीने तीन ठेवली, उरलेली अडतीस त्याने १८० युरोला नेली. म्हणजे नगाला पाच युरोही नाहीत. ओमांना आदल्या दिवशी फोनवर सांगितलं, त्या "बरं" म्हणाल्या.

चार दिवसांनी त्यांनी विचारलं, "माझा प्रवासी मुलगा खोलीत कुठे ठेवता येईल?" एका हातात बॅग, दुसऱ्या हातात छत्री घेतलेला तो हुमेल. पायथ्याचा टवका उडालेला म्हणून आमच्या यादीत त्याच्यासमोर 'किंमत नाही' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं. १९५९ मध्ये साखरपुड्याच्या दिवशी काकांनी दिलेली ती पहिली वस्तू होती. टवका उडाला होता लग्नानंतरच्या पहिल्या घरबदलात, काकांच्याच हातून, आणि त्यावरून ते दोघं आयुष्यभर हसत आले होते.

मी त्या गाळेवाल्याला फोन केला. खोकी अजून उघडली नव्हती, हे नशीब. तो मुलगा द्यायला तयार झाला, पंचवीस युरोला. मी एक शब्द न बोलता दिले आणि त्याच संध्याकाळी ट्रेनने जाऊन घेऊन आले.

त्या रात्री यादीत एक रकाना वाढवला : 'कुणी दिलं, कधी, कशासाठी'. रकाना छोटा, पण त्याने पुढचं सगळं बदललं. तोवर आम्ही विकायचं की ठेवायचं हे शिक्का आणि टवका बघून ठरवत होतो. आता दर दोन दिवसांनी मी फोटो घेऊन ओमांकडे जायचे आणि त्या सांगतील ते लिहायचे. भाचीच्या मते यात वेळ जात होता, आणि तिचं म्हणणं चूक नव्हतं. जानेवारी जवळ येत होता. पण कितीतरी प्लेट्सबद्दल ओमा एका वाक्यात मोकळं करून टाकायच्या : "ती नुसती जागा भरायला घेतली, दे कुणालाही." त्यामुळे काम उलट वेगाने झालं.

त्याच गप्पांत एक पांढरी, साधी, कधीच भिंतीवर न लावलेली बशी निघाली. कपाटाच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली. तिच्यावर कडेने रंगांचे छोटे छोटे ठिपके, प्रत्येकाखाली बारीक अक्षरात आकडा. ओमांच्या आईची रंगांची चाचणी-बशी होती ती. पोर्सेलिनवर लावताना रंग एक दिसतो आणि भट्टीतून निघाल्यावर दुसराच, म्हणून रंगारी अशी बशी भाजून समोर ठेवतात. तिच्याबरोबर नगांच्या मजुरीच्या दोन वह्या होत्या. घर रिकामं करणाऱ्याच्या हिशेबात ही बशी कचऱ्यात जाणारी पहिली वस्तू ठरली असती.

मला काय घ्यायचं, हाही निर्णय याच काळात झाला. मी ओमांना सांगितलं की दोन वस्तू घेईन, त्यांनी निवडलेल्या, आणि भाचीच्या समोर. त्यांनी हुटशेनरॉयटरचा एक छोटा पक्षी आणि आमची मुलगी ज्या प्लेटला "बर्फाचं गाव" म्हणायची ती रोथेनबुर्गची १९६९ ची प्लेट दिली. साध्या कागदावर तिघींच्या सह्या केल्या. भाचीचा आवाज त्या दिवसापासून माझ्याशी बोलताना सैल झाला.

निष्पत्ती

१९५७ आधीच्या शिक्क्याच्या चौदा प्लेट्स, माइसेनचा पोरगा आणि रोझेनतालची एक नर्तकी लिलावाला गेली. सगळं वजा जाऊन ६४० युरो आले. नवीन शिक्क्याच्या बत्तीस आणि डॅनिश नऊ प्लेट्स चर्चच्या मंडळाने आपल्या विक्रीला घेतल्या. त्याचे पैसे ओमांच्या सांगण्यावरून तिथेच ठेवले. भाचीने पाच प्लेट्स नेल्या. लेसच्या बाईला तिने टपालाने पाठवायला ठाम नकार दिला आणि हॅम्बुर्गपर्यंत पुठ्ठ्याचं खोकं मांडीवर धरून नेलं. तुटलेल्या लेसची पुडीसुद्धा.

एक प्लेट गेली, १९४७ ची डिलिंगेनची मॅडोना, म्हणजे मेरीमाता. भिंतीवरून काढताना तारेच्या आकड्याची स्प्रिंग निसटली आणि कड तुटली. तारेच्या आकड्यांचा ताण वर्षानुवर्षं कडेवर असतो, जोडीला घाई. आधी स्प्रिंग सैल करून मग प्लेट उचलायची, हे मला नंतर कळलं. ओमांना लगेच सांगितलं. त्या म्हणाल्या, मॅडोना त्यांना कधीच फारशी आवडली नव्हती. खरं असेल किंवा माझं मन राखलं असेल.

चाचणी-बशी आणि मजुरीच्या वह्या त्या भागातल्या एका संग्रहालयाने घेतल्या. एकसष्ट प्लेट्सबद्दल ज्यांनी नम्रपणे नाही म्हटलं होतं, त्यांनीच बशीसाठी माणूस पाठवला. तो ओमांशी दोन तास बोलत बसला, आईच्या हाताखालच्या मुलींची नावंसुद्धा त्याने लिहून घेतली.

ओमांच्या खोलीत आठ प्लेट्स आहेत. तारेचे आकडे काढून टाकले, खिडकीशेजारी लाकडी पट्टीवर त्या उभ्या केल्या आहेत. प्रवासी मुलगा पलंगाजवळच्या टेबलावर असतो.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्याच दिवशी फोटो काढून ओमांकडे नेईन, भिंग नंतर उघडेन. "तुम्हाला सोयीचं होईल तसं करा" हे इस्पितळातल्या माणसाचं वाक्य संमती म्हणून धरणार नाही. तेच आठ दिवसांनी पुन्हा विचारेन, वस्तू समोर ठेवून. हुमेलांसारखा ढीग एका घावात विकताना निदान आठवडाभर बाजूला ठेवलेलं खोकं असू देईन, ज्यातून मालकीण काहीही परत काढू शकेल. गाळेवाल्यालाही ही अट आधी सांगितली असती तर त्याने ऐकली असती, असं मला आज वाटतं.

किमतीबद्दल भाचीशी पहिल्याच भेटीत मोकळं बोलायला हवं होतं. काकांच्या पेन्सिलीच्या बेरजेवर तिने महिनाभर आशा ठेवली आणि प्रत्येक शिक्का उलटताना ती थोडी थोडी मोडत गेली. ते मला बघवत नव्हतं, तरी मी गप्प बसले. अशा वेळी झालेल्या लिलावांत प्रत्यक्ष मिळालेल्या रकमा बघाव्यात. विकणाऱ्यांनी जाहिरातीत मागितलेल्या आकड्यांवरून काहीच कळत नाही.

संग्रहालयाला पत्र लिहिताना मी पहिल्यांदा 'नाताळ-प्लेट्सचा संग्रह' असं लिहिलं होतं. 'रंगकाम करणाऱ्या बाईच्या घरातल्या वस्तू' असं लिहिलं असतं तर पहिल्या पत्राला नकार आला नसता.

यादी अजून पुरी झालेली नाही. वस्तू गेल्या, फोटो आहेत. महिन्यातून एकदा मी ओमांकडे जाते, त्या एकेका वर्षाचं सांगतात आणि मी रकाना भरते. त्या जर्मनमध्ये सांगतात, मी मराठीत टिपते, घरी येऊन पुन्हा जर्मनमध्ये लिहून भाचीला पाठवते. सध्या आम्ही १९५३ च्या प्लेटवर आहोत.